आधी पाण्याची मोजणी, मग पाण्याची संस्था

परभणी आणि मानवत यांच्या मधल्या पट्ट्यातले पेडगाव हे काळ्या, भारी जमिनीचे गाव. कापूस, सोयाबीन, तूर, रब्बीला ज्वारी-हरभरा, आणि पाण्याची हमी वाटली की ऊस किंवा हळद, अशी या भागाची पीकरचना. या पट्ट्यातले कालव्याचे पाणी पैठणहून येते. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटर लांबीचा आहे. छत्रपती संभाजीनगर आणि जालना हे जिल्हे ओलांडून तो परभणी जिल्ह्यात शिरतो, तेव्हा त्याची निम्म्याहून अधिक वाट सरलेली असते. वरच्या अंगाला जे जे घडते, कुठे भराव खचतो, कुठे दरवाजा गंजून अर्धवट उघडा राहतो, कुठे रात्रीतून डोंगळे, म्हणजे कालव्यातून चोरून पाणी ओढणारे पाइप, टाकले जातात, त्या सगळ्याचा हिशेब शेवटी परभणीच्या शिवारात चुकता होतो. म्हणूनच सिंचन व्यवस्थापनातल्या शेतकऱ्यांच्या सहभागाचा प्रश्न मला इथून, कालव्याच्या शेपटाकडून, पाहावासा वाटतो.

सहभागाची चर्चा महाराष्ट्रात गेली पस्तीस-चाळीस वर्षे चालू आहे. कायदा झाला, जागतिक बँकेचे कर्ज आले, प्रशिक्षणे झाली, संस्था नोंदल्या गेल्या. तरीही लाभक्षेत्रात फिरताना पाणी वापर संस्थेची पाटी दिसते आणि कार्यालयाचे दार मात्र बंद असते, हा अनुभव मराठवाड्यात कोणालाही येईल. त्यावर अधिकाऱ्यांकडून आणि अनेकदा शहरातल्या अभ्यासकांकडून एक ठरलेले कारण ऐकू येते: मराठवाड्याचा शेतकरी एकत्र येत नाही, त्याच्यात जागृती नाही. मला हे कारण मुळीच पटत नाही. याच भागातला शेतकरी सप्ताह बसवतो, भिशी चालवतो, गावकीची देवळे बांधतो. किती पाणी येणार, कधी येणार, किती दिवस येणार, हे ज्याला कोणी सांगितलेले नाही, त्याने व्यवस्थापन करायचे तरी कशाचे? नाशिकचा शेतकरी आणि परभणीचा शेतकरी यांच्या स्वभावात फरक नाही. फरक आहे तो त्यांच्या हाती आलेल्या पाण्याच्या खात्रीत.

एक गोष्ट मात्र खरी. परभणीला कालव्याची जुनी सवय नाही. गोदावरी, दुधना, पूर्णा या नद्या शेजारून वाहत असल्या तरी शेती पावसावर आणि विहिरीवर होती. जिल्ह्यात मोठ्या धरणाचे पाणी आले ते येलदरी आणि सिद्धेश्वर या पूर्णा प्रकल्पाच्या धरणांनी, 1960 च्या दशकाच्या अखेरीला. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ऑक्टोबर 1965 मध्ये झाली आणि उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते फेब्रुवारी 1976 मध्ये. म्हणजे कालव्याच्या पाण्याशी इथल्या माणसाची ओळख दोन-तीन पिढ्यांची. आणि ती ओळख झाली तीच मुळी सरकारी खात्याच्या मार्फत: नमुना 7 चा अर्ज, पाटकरी, कालवा निरीक्षक, शाखा अभियंता. पाणी म्हणजे खात्याने द्यायची वस्तू, हीच पहिली शिकवण मिळाली.

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या पांझरा, मोसम या नद्यांच्या काठी वेगळे चित्र होते. तिथली फड पद्धत निदान तीनशे वर्षे जुनी मानली जाते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एका हंगामात एकच पीक. एक फड उसाचा, एक रब्बीचा, एखादा पडीक किंवा खरिपाचा, आणि दरवर्षी ही पाळी फिरती. प्रत्येक खातेदाराचे तुकडे निरनिराळ्या फडांत असल्यामुळे पाणी कमी पडले तर अमक्याचा ऊस वाळला आणि तमक्याचा वाचला असे व्हायचे नाही. कोणत्या फडाला पाणी द्यायचे नाही, एवढेच ठरायचे, आणि तो तोटा सगळ्यांत वाटला जायचा. पाणी देण्याचे कामही शेतकऱ्याच्या हाती नसे. गावाने नेमलेला पाटकरी ते देई, जागल्या पिकाची राखण करी, त्यांच्यावर हवालदार असे. त्यांचा मोबदला शेतकरीच देत. आपल्या शेताचे दार आपण स्वतः धरायचे नाही, या एका नियमाने किती भांडणे टळली असतील!

फड पद्धतीचे कौतुक खूप झाले आहे. तिच्यातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती टंचाईची. ही व्यवस्था टंचाईच्या वर्षी काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवत होती. आपल्या मोठ्या कालव्यांवर याच्या बरोबर उलट घडते. मुबलक पाण्याच्या वर्षी नियम असतात, टंचाई आली की नियम गुंडाळले जातात आणि वशिला चालतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामायिक संसाधनांवरच्या अशाच अभ्यासासाठी. नेपाळमधल्या शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या ओबडधोबड पाटांवर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचते आणि सरकारने बांधलेल्या पक्क्या कालव्यांवर ते पोचत नाही, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून दाखवले. बंधारा कच्चा असला की तो दरवर्षी सगळ्यांनी मिळून दुरुस्त करावा लागतो, आणि त्यासाठी वरच्याला खालच्याची गरज पडते. सिमेंटच्या कालव्यावर वरच्याला खालच्याची गरजच उरत नाही.

महाराष्ट्रात नव्या काळात या प्रश्नाला हात घालणारे पहिले मोठे नाव विलासराव साळुंखे यांचे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून त्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, तर घरातल्या माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्धा एकर, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. उपसा योजनांवर हे तत्त्व त्यांनी चालवून दाखवले. पुढे झालेल्या कोणत्याही कायद्यात ते आले नाही. आजही पाण्याचा हक्क सातबाऱ्याला चिकटलेला आहे.

मोठ्या कालव्यावरची सुरुवात मुळा प्रकल्पावर झाली. अहिल्यानगर जिल्ह्यात मुळा उजव्या कालव्याच्या लघुवितरिका क्रमांक 7 वर दत्त पाणी वापर संस्था 1989 च्या सुमारास उभी राहिली. पाणी मोजून घ्यायचे, त्याची एकगठ्ठा पट्टी भरायची, पीक कोणते घ्यायचे ते सभासदाने ठरवायचे, या आज सर्वमान्य झालेल्या गोष्टी तिथे पहिल्यांदा करून पाहिल्या गेल्या. या प्रयोगांच्या भोवतीच पुण्यात 'सोपेकॉम' ही संस्था 1991 मध्ये आली. तिने पुढे दोन-अडीच दशके या विषयाचा पाठपुरावा केला.

पण ज्याकडे महाराष्ट्राने, आणि देशानेही, सर्वांत जास्त पाहिले ते ओझर. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझर गाव शेपटाला होते. धरण होऊन दशक उलटले तरी पाण्याचा पत्ता नव्हता. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले. 1990-91 मध्ये महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून, ठरलेल्या कोट्याने ताब्यात घेतले. मग त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली: कोट्यातले काही पाणी ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरल्या. कालव्याची पाळी महिन्याने येते, विहीर मात्र हवी तेव्हा उपसता येते. द्राक्षबागेला हेच हवे असते. पुढे संपूर्ण प्रकल्पावर चोवीस संस्था झाल्या आणि 2003 च्या सुमारास प्रकल्पस्तरीय संस्थाही झाली. धरणाच्या दरवाजापासून शेतापर्यंतचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे गेले.

ओझरची गोष्ट सांगताना द्राक्षांचे पैसे आणि कार्यकर्त्यांची तळमळ यांवर भर दिला जातो. दोन्ही खरेच होते. पण तिथे शेपटाच्या लोकांनी सुरुवात केली, आणि त्यांना मिळणारा कोटा आकड्यात लिहून मिळाला, या दोन गोष्टींवाचून बाकीचे काही उभे राहिले नसते. वाघाड छोटा प्रकल्प आहे, हेही विसरू नये. धरणापासून शेवटच्या चारीपर्यंत एका दिवसात मोटारसायकलवर जाऊन येता येते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे तसे नाही. पैठणला दरवाजा उघडल्यावर परभणीला पाणी पोचायलाच काही दिवस लागतात.

आंध्र प्रदेशाने 1997 मध्ये दुसरी वाट धरली. कायदा करून एका फटक्यात दहा हजारांहून अधिक संस्थांच्या निवडणुका घेतल्या. सुरुवातीला कालव्यांची दुरुस्ती झाली, क्षेत्र वाढले. पण पैसा सरकारचा, कामे कंत्राटदाराची आणि संस्था राजकारणाची शिडी, असे काही वर्षांत झाले. संस्था वरून लादता येते, पण तिचे काम वरून लादता येत नाही, हे सीमेपलीकडच्या या अनुभवातून महाराष्ट्राने शिकायला हवे होते.

महाराष्ट्राने 2005 मध्ये दोन कायदे केले. एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा, दुसरा 'महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम'. दुसरा कायदा वाचताना आजही बरे वाटते. कालव्याची संयुक्त पाहणी करायची, दुरुस्ती करूनच तो संस्थेकडे द्यायचा, पाणी घनमापन पद्धतीने मोजून द्यायचे, पिकाचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला. संचालक मंडळात वितरिकेच्या शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांचे प्रतिनिधी, महिलांना राखीव जागा. लघुवितरिका, वितरिका, कालवा आणि प्रकल्प असे चार स्तर. जागतिक बँकेच्या कर्जावरच्या जलक्षेत्र सुधार प्रकल्पात राज्यातले 286 सिंचन प्रकल्प घेतले गेले.

त्याच वेळी पायाच कच्चा होता. राज्याचा मूळ पाटबंधारे अधिनियम 1976 चा, पण त्याखालचे नियम कित्येक दशके झालेच नाहीत. जुन्या 1934 च्या मुंबई कालवे नियमांवर काम चालत राहिले. वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, इथून निवृत्त झालेले प्रदीप पुरंदरे यांनी हा मुद्दा वर्षानुवर्षे लेखांतून लावून धरला. लाभक्षेत्र कोणते, हे राजपत्रात नीट अधिसूचित झाल्याशिवाय संस्थेचे कार्यक्षेत्र ठरत नाही, पाण्याची चोरी शाबीत करता येत नाही, कोटा कायद्याने मागता येत नाही. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचे फोटो निघत नाहीत, म्हणून ते मागे पडते.

आता मोजणीबद्दल सविस्तर बोलले पाहिजे, कारण माझ्या मते सगळे तिथे अडले आहे. एक क्युसेक पाणी चोवीस तास वाहिले की साधारण 2,447 घनमीटर होते. भारी जमिनीत ज्वारी-गव्हाला एका पाळीला 8 सेंटिमीटर पाणी धरले तर हेक्टरी 800 घनमीटर लागतात. म्हणजे एक क्युसेकवर दिवसाला तीन हेक्टर भिजते. समजा, एका लघुवितरिकेखाली 300 हेक्टर आहेत आणि तिच्या तोंडाशी सहा क्युसेक सोडायचे ठरले. गळती बाजूला ठेवली तरी सोळा-सतरा दिवसांत सगळे भिजते आणि आवर्तन बंद होते. पण वरच्या अंगाला डोंगळे पडले, किंवा वितरिकेत पाणकणीस माजून प्रवाह कमी झाला आणि तोंडाशी चारच क्युसेक आले, तर त्याच दिवसांत 200 हेक्टर भिजतात आणि शेवटचे 100 हेक्टर कोरडे राहतात. खात्याच्या नोंदीत आवर्तन पूर्ण झालेले असते. कोरड्या राहिलेल्या 100 हेक्टरांच्या मालकांना संस्थेच्या सचिवाला जाब विचारायचा असतो, सचिवाला शाखा अभियंत्याला विचारायचा असतो. पण तोंडाशी चार आले की सहा, हे सांगणारी मोजपट्टीच जागेवर नसेल किंवा गाळात बुडालेली असेल, तर सगळे भांडण शब्दांचे होते. शब्दांच्या भांडणात शेपटाचा माणूस नेहमी हरतो. पुढच्या वर्षी तो सभेला येत नाही, पट्टी भरत नाही, बोअर घेतो. आणि मग म्हटले जाते, शेतकऱ्यांचा सहभाग नाही.

डाव्या कालव्याची वहनक्षमता मुळात 3,600 क्युसेकची. काळ्या मातीतला हा कालवा आहे. ही माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि तिच्यावरचे अस्तर उखडते. भराव खचतात. चाळीसहून अधिक वर्षांनी हा कालवा तेवढे पाणी पेलत नाही. वाहक कालवाच दुबळा असेल तर लघुवितरिकेच्या तोंडाशी खात्रीचे पाणी देणार कुठून? म्हणून मुख्य कालव्याची दुरुस्ती हा निव्वळ अभियांत्रिकीचा विषय नसून सहभागाचाही विषय आहे. संस्थेला आधी कालवा सोपवायचा आणि दुरुस्तीचे आश्वासन मागाहून द्यायचे, ही पद्धत कायद्याच्या शब्दाला धरून नाही.

दुसरा घाव दुष्काळाचा. 2012-13 आणि 2015-16 मध्ये जायकवाडीचा उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातून पिण्याचे पाणी काढावे लागले. कालव्याला पाळ्या मिळाल्या नाहीत. पाणी नाही म्हणजे पट्टी नाही, पट्टी नाही म्हणजे सचिवाचा आणि पाटकऱ्याचा पगार नाही. लागोपाठ दोन-तीन वर्षे अशी गेली तर कोणतीही संस्था तग धरणार नाही. अशा वर्षांत संस्था जिवंत ठेवायला किमान खर्चाची तरतूद कुठेच केलेली दिसत नाही. माझ्या मते ही व्यवस्थेची सर्वांत क्रूर चूक आहे, कारण पाऊस परत येतो, विस्कटलेली संस्था परत येत नाही.

टंचाईच्या वाटणीचे सूत्र मराठवाड्याने वरच्या, नगर-नाशिकच्या धरणांशी भांडून मिळवले आहे. नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातले कलम 12(6)(ग) सांगते की खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत ऑक्टोबरअखेर वापरायोग्य पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी राहावी. मेंढेगिरी समितीने त्याची पद्धत बसवली, प्राधिकरणाने सप्टेंबर 2014 मध्ये आदेश दिला, मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये तो उचलून धरला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरून सोडायचे, हे सूत्र आता परभणीतल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. 2023 मध्ये 8.6 टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला, पण पाणी सुटले ते मोर्चे आणि याचिका झाल्यावरच. नगर-नाशिककडे आपण जो न्याय मागतो, तोच आपल्या कालव्यावर का लावत नाही, हा प्रश्न मला कायम छळतो. पैठणचा ऊस आणि परभणीची ज्वारी यांच्यातही टक्केवारी सारखी हवी. एका वितरिकेच्या पहिल्या विमोचकावरच्या शेतकऱ्याला आणि शेवटच्या विमोचकावरच्या शेतकऱ्यालाही. हक्क मागताना आपण सगळे शेपटाचे होतो आणि पाणी घेताना ज्याचे शेत वर आहे तो शीर्षाचा होतो. हे बोलायला कटू आहे, पण मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांनी हे आपल्याच सभांमध्ये बोलले पाहिजे.

शेतावर कोण राबते आणि संस्थेत कोण बसते, यातही अंतर आहे. पाण्याची पाळी रात्रीची आली तर दारे धरायला बटईदार जातो, सभासद असतो जमीनमालक. कायद्यात भोगवटादाराचा विचार असला तरी कागद सातबाऱ्याचा लागतो, आणि तोंडी बटईचा कागद कोणी करत नाही. बाईच्या नावावर जमीन क्वचितच असते. राखीव जागेवर तिचे नाव येते, बैठकीला नवरा किंवा दीर. ज्या घरी मालकी हक्कात बायकोचे नाव लावले गेले तिथे हे बदलायला निदान दार उघडते. बाकी प्रशिक्षण शिबिरांनी फारसे काही झालेले नाही.

आता नव्या योजनांत उघड्या चाऱ्यांऐवजी बंद नळातून पाणी देण्याकडे शासनाचा कल आहे. काळ्या मातीत त्याचे फायदे उघड आहेत: गळती कमी, डोंगळे टाकायला जागा नाही, भूसंपादन नाही. मात्र नळावरही झडप कोणाच्या हाती, हा प्रश्न उरतोच, आणि उघड्या चारीत निदान पाणी डोळ्यांना दिसत होते. मीटर बसवून त्याचे वाचन संस्थेच्या माणसासमोर होणार नसेल तर नळ हा चारीपेक्षाही अपारदर्शक ठरेल.

पेडगावसारख्या शेपटाच्या मंडळांत काही करायचे तर क्रम बदलायला हवा. ऑक्टोबरअखेर धरणातला साठा ठरतो. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, रब्बी-उन्हाळीच्या पाळ्या ठरतात. त्या बैठकीनंतर आठ दिवसांत प्रत्येक लघुवितरिकेचा कोटा घनमीटरमध्ये लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. प्रत्येक लघुवितरिकेच्या तोंडाशी मोजपट्टी रंगवून, गाळ काढून वाचनीय करावी. रोज सकाळी संस्थेचा आणि खात्याचा माणूस मिळून तिचे वाचन एकाच वहीत दोन सह्यांनी नोंदवावे. शेजपाळीचा जुना नियम पाळून भरणे शेवटच्या विमोचकापासून सुरू करावे, आणि पहिल्या दोन-तीन मुदतींत अध्यक्षपद शेपटाच्या सभासदाकडेच ठेवावे. आणि कालवा सल्लागार समितीत लोकप्रतिनिधींच्या बरोबरीने पुच्छ भागातल्या संस्थांच्या अध्यक्षांना मतासह जागा मिळावी, कारण पाळ्यांची संख्या ठरते ती त्या टेबलावर, आणि तिथे आज शेवटच्या चारीवरच्या माणसाचे कोणी नसते.